वरून काय दिसते?

पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये एक बेचकं असतं. चप्पल घालताना तेवढी त्याची आठवण होते, एरवी नाही. माझ्या उजव्या पायाच्या त्या बेचक्यात एक घट्टा आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. एकसष्टी झाली तरी तो गेला नाही. पावसाळ्यात जरा मऊ पडतो, उन्हाळ्यात पुन्हा कडक होतो. तो दोरीचा घट्टा आहे.

अकोल्याला आमच्या शाळेच्या पटांगणात उंच लोखंडी चौकट होती आणि तिला एक सुती दोरी टांगलेली असे. अंगठ्याएवढी जाड, वर्षानुवर्षांच्या घामाने मातकट झालेली. तिला गाठ एकही नाही. दोरीच्या मल्लखांबाचं मर्मच त्या बिनगाठीत आहे. गाठ असती तर पाय टेकायला जागा झाली असती, मग कुणीही चढलं असतं. इथे दोरी अंगठ्याच्या बेचक्यात धरायची, पाय वर ओढून घ्यायचे, हात वर टाकायचे, आणि मग मांडीभोवती, कमरेभोवती, दंडाभोवती तिचा वेढा असा घ्यायचा की हात सोडले तरी माणूस पडत नाही. पूर्वी हेच सगळं टांगत्या वेतावर करत. वेताची जागा पुढे दोरीने घेतली. बोटाला सूत लागलं की आम्हा वऱ्हाडातल्या पोरींना ते ओळखीचंच वाटायचं. घरोघरी वाती वळणाऱ्या आज्या होत्या, आणि दिवाळीच्या मागेपुढे अंगणात कापसाचे ढीग पडत.

आमचे पी.टी.चे सर मूळचे दर्यापूरकडचे. पण शाळेत त्यांची ओळख नेहमी एकाच वाक्यात व्हायची : "सर अमरावतीचे आहेत." अमरावतीचे म्हणजे हनुमान आखाड्याचे. तिथे शिकून आलेले. हे वाक्य मोठ्या पदवीसारखं उच्चारलं जाई. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी. दोरी हातात दिली की म्हणायचे, "हाताले नोको विचारू बाप्पा. हात भेते. अंगठ्याले सांग, धर म्हना."

आणि पोरगी वर पोचली की खालून त्यांचा प्रश्न यायचा : "वरून काय दिसते?"

आधी काहीच दिसत नसे. डोळे मिटलेले असत. मग एक डोळा उघडे. "सर, जिनाचं धुराडं दिसते."

"आनखी?"

"कापसाच्या बंड्या दिसतात. लायनीत उभ्या आहेत."

"आनखी?"

तिसऱ्या 'आनखी'पर्यंत आपण किती उंचावर आहोत हे मनातून गेलेलं असे. भीती घालवायची त्यांची ती रीत होती. पण मी तेव्हा तसं समजत नव्हते. सरांना खरोखरच वरचं जाणून घ्यायचंय, त्यांचं वय झालं म्हणून ते आता चढत नाहीत, असं मला वाटायचं, आणि मी जास्तीत जास्त नीट पाहून सांगायची. सर तेव्हा जेमतेम पस्तिशीचे असतील.

*

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोला गेले होते. नातवाचं एकच म्हणणं, आजीला मॅच दाखवायची. मला क्रिकेट कळतं. अकोल्याची आहे मी. आमच्या गावच्या पोरांनी विदर्भाकडून रणजी खेळलेली आहे, अथर्व तायडे आमचाच. बेसबॉलचं मात्र काही ठाऊक नव्हतं. लाल रेषेच्या लोकलने ॲडिसन नावाच्या स्टेशनावर उतरलो आणि जिना उतरून रस्त्यावर येतो तोच समोर मैदान. शहराबाहेर माळावर बांधलेलं नव्हे, वस्तीच्या पोटात शिरलेलं. समोरच्या घरांच्या गच्च्यांवर बाकं मांडून लोक बसलेले. मला एकदम आमच्या जुन्या शहरातली कावडयात्रा आठवली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा गल्लीतली एकही गच्ची रिकामी नसते.

रिगली फील्ड त्या मैदानाचं नाव. आत गेल्यावर पहिलं काही नजरेत भरलं असेल तर तो वेल. मैदानाच्या कडेच्या विटांच्या भिंतीवर हिरवागार वेल चढलेला, १९३७ सालापासूनचा. चेंडू कधी त्या पानांत अडकून बसतो, त्यासाठी वेगळा नियम आहे म्हणे. गुणफलकही त्याच सालचा. आत माणूस बसतो आणि आकड्यांच्या पाट्या हाताने बदलतो. १९८८ पर्यंत तिथे विजेचे दिवेसुद्धा नव्हते, सगळे सामने उन्हात. एवढ्या श्रीमंत देशात हे इतकं जुनं जपून ठेवलेलं पाहून मला त्या लोकांविषयी फार माया वाटली. त्यांचा संघ १९०८ नंतर अजिंक्यपद थेट २०१६ मध्ये जिंकला. १०८ वर्षं. तोवर आजोबा गेले, बाप गेले, नातू येऊन बसत राहिले. आणि चेंडूवर टाकेही १०८ असतात, नातवाने सांगितलं. जपमाळेचे मणी मोजावेत तसे मी ते लाल टाके बोटाने मोजायला घेतले, पण मोजून होण्याआधीच त्याने चेंडू काढून घेतला. आत बुचाचा गोळा, त्याभोवती गुंडाळलेला धागा, वर चामडं. मी विचारलं, धागा कसला? लोकरीचा, म्हणाला, आणि वरच्या थरात कापूसही.

खेळ त्याने चार वाक्यांत समजावला. चेंडू मारायचा, पळायचं, तीन ठिकाणं पार करायची, आणि शेवटी पोचायचं कुठे, तर जिथून निघालो तिथे. त्या जागेला ते घर म्हणतात. घरी पोचला तरच गुण. मला हे फार आवडलं. एवढा जीव तोडून पळायचं ते परत येण्यासाठी!

"हे मैदान कधीचं रे?" मी विचारलं.

"नाइन्टीन फोर्टीन, आजी."

१९१४. मी गप्प झाले. पुढचा अर्धा तास समोर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. १९१४ हे आमच्या सरांच्या तोंडचं साल होतं. हनुमान जयंतीला शाळेत नारळ फोडताना ते दरवर्षी सांगत : अमरावतीत वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत वैद्यांनी, १९१४ साली आखाडा काढला. त्या एका आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. इकडे शिकागोत विटा रचल्या जात होत्या, तिकडे अमरावतीत माती चाळली जात होती. त्याच साली पुढे महायुद्ध पेटलं. पण त्याआधी दोन गावांना एकाच वर्षी वाटलं की आपल्याला खेळायला जागा हवी.

परत आले की आधी अमरावती गाठायची, हे मी तिथेच, त्या बाकावर ठरवलं.

*

मुलगा म्हणाला, गाडीने जा, रस्ता चांगला झालाय. खरंच झालाय. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पण मला रेल्वेनेच जायचं होतं, कारण १९७७ साली आम्ही सहा पोरी सरांबरोबर रेल्वेनेच गेलो होतो, शालेय स्पर्धांसाठी.

जानेवारी होता. बोरगाव गेलं, काटेपूर्णा गेलं. शेतांत तूर पिवळी पडलेली, कापसाची शेवटची वेचणी चाललेली. बायांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शेतात सीतादही करतात, दहीभाताचा घास मातीला देतात. शेवटच्या वेचणीला मात्र काही विधी नाही, बायका नुसत्या उभ्या राहून एकदा मागे पाहतात. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. इथून शकुंतला सुटायची, एका बाजूने यवतमाळ, दुसऱ्या बाजूने अचलपूर. अरुंद रुळांवरून कापूस वाहून आणणारी ती गाडी आता बंद आहे. सरांनी १९७७ मध्ये आम्हाला खिडकीतून तिचं इंजिन दाखवलं होतं. पोरी हसल्या होत्या, केवढंसं ते इंजिन म्हणून. सर म्हणाले होते, "हासू नका. आपल्या घरचा कापूस तिनंच इलायतेले पोचवला."

या रुळांची गोष्टही अमेरिकेपासूनच सुरू होते. १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. भाव चढले, बाजार वाढले, आणि १८६७ मध्ये आगगाडी थेट नागपूरला जाऊन भिडली. त्याच युद्धात, छावण्यांमध्ये बसलेले शिपाई वेळ घालवायला चेंडूफळी खेळत आणि घरी परतताना तो खेळ गावोगाव घेऊन गेले, असं नातवाने मला तिथे वाचून दाखवलं होतं. एकाच लढाईने त्यांच्याकडे बेसबॉल पसरला आणि आमच्याकडे रूळ आले. माना, कुरुम अशी स्टेशनं मागे पडत होती आणि मी हे मनात जुळवत बसले होते.

बडनेऱ्याला बदलायचं. तिथून अमरावती दहाएक किलोमीटर. मैत्रीण स्टेशनवर आली होती. आमच्या सहांपैकीच एक ती, लग्न होऊन अमरावतीत आलेली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "आधी आखाडा की आधी देवी?"

आधी देवी. सरांनीही आधी देवीलाच नेलं होतं.

अमरावती मला नेहमी आतून बाहेर उलगडणारं शहर वाटतं. पेंढाऱ्यांच्या भयाने निजामाच्या काळात बांधलेला परकोट अजून जागोजागी उभा आहे. जवाहर गेटमधून आत शिरलं की कापडाची, भांड्यांची दुकानं, गर्दी, हॉर्न, आणि डोक्यावर ती काळी दगडी कमान, जिला कुणी वर मान करून पाहत नाही. मी पाहिली. तिच्या फटीतून पिंपळ उगवलाय. भिंतीला लागून घरं आहेत, काहींची मागची भिंत म्हणजे परकोटच. त्यावर खिळे ठोकून लोकांनी कपडे वाळत घातलेत. शहराने आपली तटबंदी अशी अंगवळणी पाडून घेतली आहे.

अंबादेवीला गर्दी नव्हती. इथूनच कृष्णाने रुक्मिणीला नेलं, अशी इथली श्रद्धा. बाजूला एकवीरा. ओटी भरून बाहेर पायरीवर बसलो तेव्हा मैत्रिणीने १९२७ च्या सत्याग्रहाची गोष्ट काढली. याच मंदिराच्या दारात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी लोक उभे राहिले होते, पंजाबराव देशमुख त्यांच्यात होते. तिच्या सासऱ्यांच्या वडिलांनी ते पाहिलेलं. ते म्हणे शेवटपर्यंत सांगत : त्या दिवशी देवी आत होती का बाहेर, हेच आम्हाला समजत नव्हतं. मी पायरीवरून हात फिरवला. गुळगुळीत दगड. किती पाय इथपर्यंत आले आणि इथूनच परतवले गेले, ते दगडाला ठाऊक.

दुपारी गिला वडा खाल्ला. याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नावातच आहे ते सगळं, गिला म्हणजे ओला. तळलेला वडा, वर दही, वर चटणी, आणि तो बशीतून उचलेपर्यंत निम्मा विरघळलेला. अमरावतीबाहेर मी तो पुष्कळ ठिकाणी मागितला, मिळाला नाही. १९७७ मध्ये सरांनी स्वतःच्या पैशांनी सहा पोरींना सहा बशा दिल्या होत्या आणि स्वतः चहा घेतला होता. त्यांनी का खाल्ला नाही, हे मला आज, त्याच रस्त्यावर उभं राहून, बशी हातात घेतल्यावर कळलं.

*

मग आखाडा.

मंडळाचा विस्तार आता फार मोठा. महाविद्यालयं, वसतिगृहं, पोहण्याचा तलाव. थेट ईशान्येकडून आलेली मुलंही इथे राहून शिकतात. पण ज्या गोष्टीसाठी मी आले होते ती तिथेच होती. सागवानी मल्लखांब. मातीत पुरलेला, एरंडेल पिऊन काळसर तुकतुकीत झालेला. मी जवळ गेले आणि आधी वास घेतला. तोच. तेल, लाकूड, घाम, राळ. शिकागोत हिरवळीवर नुकतं पाणी मारल्याचा वास होता आणि भाजलेल्या शेंगांचा. तोही छानच होता. पण वासाने पोटात कालवाकालव होते ती एकाच जागेची.

मल्लखांबाच्या शेंड्यावरच्या गोल भागाला बोंड म्हणतात. त्याच्या खाली मान, त्याच्या खाली अंग. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला 'बोंड' हा नुसता शब्द असेल. वऱ्हाडात बोंड म्हटलं की डोळ्यांपुढे कापूस येतो. फुटायला आलेलं, टोकाला चार चिरा पडलेलं. आमच्याकडे बटाटेवड्यालाही आलूबोंडा म्हणतात. त्या लाकडी बोंडावर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा एका पायावर तोल सांभाळत उभा होता, हात दोन्हीकडे पसरून, आणि मला खरंच वाटलं की बोंड फुटलंय आणि आतून पोरगं उमललंय.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उजेडात आणली. निजामाकडून आलेल्या पहिलवानांशी कुस्ती ठरली आणि सरावाला तोडीचा जोडीदार मिळेना, तेव्हा त्यांनी खांबालाच मल्ल केला, असं सांगतात. सरांनी सांगितली तेव्हाच ही गोष्ट मला पटली होती. आपल्या तोडीचा माणूस गावात नसेल तर लाकूड उभं करायचं, त्याला मिठी मारायची, त्याच्या अंगावरून फिरायचं, आणि लाकडाला एवढं तेल पाजायचं की शेवटी ते माणसासारखं निसटायला लागतं. हुतात्मा राजगुरू याच आखाड्यात व्यायामाचं शिक्षण घेऊन गेले. त्यांचेही हात अशाच कुठल्या लाकडावर फिरले असतील. मी खांबाला हात लावला आणि काही वेळ काढला नाही.

इथून १९३६ साली मुलं बर्लिनला गेली. ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी तिथे कबड्डी आणि आपले व्यायामप्रकार करून दाखवले. आमच्या शाळेत हे आम्हाला तोंडपाठ होतं. जे मला ठाऊक नव्हतं ते नातवाने सांगितलं. मी शिकागोहून निघायच्या आदल्या रात्री तो फोन घेऊन माझ्या खोलीत आला. "आजी, तू म्हणाली होतीस ना बर्लिन? तिथे बेसबॉलपण होता!" आणि होता. १२ ऑगस्ट १९३६. पदकासाठी नव्हे, जगाला दाखवण्यासाठी. अमेरिकेचेच दोन संघ एकमेकांशी खेळले, रात्री, दिव्यांखाली, लाखाच्या घरातल्या प्रेक्षकांसमोर. बहुतेकांना नियम माहीत नव्हते. म्हणजे त्या उन्हाळ्यात त्याच शहरात ते लोक आपला चेंडू घेऊन आले होते आणि आमचे लोक आपली चढाई. दोघेही सांगत होते, आमच्याकडे असं खेळतात. ज्यांनी बोलावलं होतं त्यांच्या डोक्यात तेव्हा काय शिजत होतं, ते जगाने तीन वर्षांत पाहिलं. पण गेलेली पोरं खेळायला गेली होती.

पुढे दोघांची वाट वेगळी झाली. बेसबॉलच्या मोठ्या स्पर्धेत आता ३० संघ आहेत, प्रत्येकाचे वर्षाला १६२ सामने. रिगलीवर चाळीस हजारांहून जास्त माणसं बसतात. अमरावतीच्या या मैदानाने काय केलं? तर १९२० च्या दशकापासून उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांचे वर्ग घेतले. शाळा सुटल्या की मास्तर यायचे, इथल्या मातीत लोळायचे, लेझीम, दंड, जोर, मल्लखांब, कबड्डी शिकायचे आणि जूनमध्ये आपापल्या गावी जायचे. वर्षामागून वर्षं. या मैदानाचे खेळाडू इथे थांबलेच नाहीत. त्यांचा संघ नाही, निशाण नाही, गुणफलक नाही. ते दर्यापूरला गेले, वाशीमला गेले, मेहकरला गेले, आमच्या अकोल्याला आले, गळ्यात शिट्टी अडकवून. एखाद्या शाळेच्या पटांगणात सकाळी सातला जी शिट्टी वाजते, ती इथून निघालेली असते. मला हे चाळीस हजार खुर्च्यांपेक्षा मोठं वाटतं. तिकडच्या मैदानाबद्दल मनात माया आहे तरीही मोठं वाटतं, आणि ते मी कुणापुढेही सांगेन.

आमच्या शाळेतली ती लोखंडी चौकट आता नाही. नव्या खोल्यांसाठी जागा हवी होती, एका मे महिन्यात ती कापून भंगारात दिली. दोरीचं काय झालं, मी विचारलं होतं. कुणाला सांगता आलं नाही. सर त्याआधीच निवृत्त झाले होते आणि आता या जगातही नाहीत. त्यांना हे पाहावं लागलं नाही, एवढंच मी स्वतःला सांगते, आणि तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

*

ऊन उतरलं तशा मुली आल्या. एका कोपऱ्यात दोरीचा मल्लखांब, आणि पलीकडे मोकळ्या मैदानावर हातात मोठा चामडी पंजा चढवलेल्या मुली. मी थबकले. सॉफ्टबॉल. बेसबॉलची धाकटी बहीण. नातवाचं ज्ञान इथेही कामी आलं : हा खेळ शिकागोतच जन्मला, १८८७ मध्ये, एका क्लबाच्या बंद खोलीत, मुष्टियुद्धाचा पंजा गुंडाळून त्याचा चेंडू करून. आणि आता तो इथे, हनुमानाच्या अंगणात, वऱ्हाडी पोरी खेळत होत्या. फेकणारी मुलगी हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू सोडत होती. त्यांचे सर ओरडत होते, "पय! पय वो! पाहून काय राह्यली? घरी ये!"

घरी ये. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, तिला कळलं नाही. मी तेव्हा सांगितलंही नाही.

दोरीपाशी एक तरुण मॅडम होत्या. मी त्यांना म्हटलं, अकोल्याची आहे, लहानपणी करायची. त्यांनी एक शब्द न बोलता दोरी माझ्या हातात दिली. चप्पल काढली. बेचक्यात दोरी धरली, बसल्या बसल्याच, जमिनीपासून वीतभर वर. घट्टा बरोबर तिथे बसला, कुलपात किल्ली बसावी तसा. अठ्ठेचाळीस वर्षांनी अंगठ्याने धरलं. हाताला विचारावं लागलं नाही.

मग मी बाजूला झाले आणि एक मुलगी चढली. आठवीतली असेल. वेण्या वर बांधलेल्या, गुडघ्याला खरचटल्याची ताजी खपली. भराभर चढली, पण वर पोचल्यावर अडकली. दोरीचा वेढा मांडीत बसला होता, आसनही बरोबर होतं, पण हात सुटत नव्हते. दोन्ही मुठी पांढऱ्या पडलेल्या. मॅडम खालून सांगत होत्या, "सोड, सोड हात." ती मान हलवत होती. मला ती मान ओळखीची होती.

मी मॅडमना विचारलं, "मी बोलू तिच्याशी?" आणि वर पाहिलं.

"पोरी, वरून काय दिसते?"

तिने खाली बघितलं, बहुतेक ही म्हातारी कोण म्हणून. "झाडं दिसतात, काकू."

"आनखी?"

"होस्टेल दिसते. कपडे वाळू घातले आहेत."

"आनखी?"

ती मान वळवून पलीकडे पाहू लागली. तिकडे कुणीतरी चेंडू लांब मारला होता. टोला लागल्याचा आवाज मला आला, पण मधे मुलींचा घोळका उभा होता, खालून काहीच दिसेना.

"काय झालं?" मी विचारलं. "सांग ना मले, मले दिसून नाही राह्यलं."

"पयते थे, काकू... दुसऱ्याले पोचली... तिसऱ्याले... फेकला वो चेंडू, फेकला..."

मुठी उघडल्या होत्या. दोन्ही हात हवेत होते, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

"पोचली! घरी पोचली, काकू!"